माळकऱ्याच्या पायावरची पट्टी

बुधवार, १४ ऑगस्ट २०२४. नगर.
सकाळी भुरभुर, दहाला उघडीप. दूध अर्धा लिटर. मोरीतल्या नळाचा वायसर बदलून घेतला. साडेदहाला इस्पितळात. पेशंट क्र. ७, सूर्यभान ढाकणे, वय ५८, यांना दुसरी पट्टी. जखम ४.१ सें.मी. होती, आज ३.४. डॉ. अमृत खूश. निघताना ढाकणे यांच्या पत्नीने एक प्रश्न विचारला. उत्तर दिले, पण ते पुरते नव्हते. घरी येऊन १९ जानेवारीचे पान काढून पाहिले. चूक माझीच आहे.

एस्तेरबाईंच्या डायऱ्यांमध्ये शेवटच्या वाक्यासारखं वाक्य फार वेळा सापडायचं नाही. डायऱ्या एकंदर चौसष्ट. कॉन्व्हेंटमध्ये तेरा वर्षांच्या असताना एका सिस्टरने पहिली वही हातात दिली आणि बजावलं, "जे घडलं ते लिहायचं. जे वाटलं ते शेवटी, एका ओळीत." ती शिस्त त्यांनी लग्नात, दोन बाळंतपणांत आणि मिस्टर गेले त्या आठवड्यातही मोडली नाही. पुढे चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळाचं रेकॉर्ड सांभाळलं. त्यांच्या हातचा केसपेपर हरवला असं कधी झालं नाही. म्हणून तर निवृत्त होऊन सतरा वर्षं झाल्यावरसुद्धा इस्पितळाला त्यांची आठवण झाली.

माणसांवर नवं औषध किंवा नवा उपाय तपासून पाहायचा असेल, तर आधी एका समितीची परवानगी लागते. त्या समितीत डॉक्टर असतात, वकील असतो आणि नियमाप्रमाणे एक साधा माणूसही लागतो, ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही असा. एस्तेरबाई त्या जागेवर होत्या. शेजारणीने विचारलं, "तिथं तुमचं काम काय हो?" तर त्या म्हणाल्या, "मला कळलं नाही असं म्हणायचं काम."

काम खरोखर तसंच होतं. पेशंटला सही करण्याआधी जो संमतीचा कागद वाचून दाखवतात, तो साध्या माणसाला कळतो की नाही, हे त्या पाहत. कळला नाही तर लाल पेनाने खुणा करत. जानेवारीत त्यांच्यापुढे आलेला कागद एका पट्टीचा होता.

ही पट्टी तयार होत होती कोल्हारजवळच्या एका फार्मसी कॉलेजात. धनश्री नावाची पंचविशीची मुलगी त्यावर पीएच.डी. करत होती. एस्तेरबाई सही करण्याआधी वस्तू डोळ्यांनी पाहणाऱ्या बाई. मनमाड रस्त्याची एसटी पकडून त्या थेट कॉलेजात गेल्या.

काचेच्या पेटीत एक सिरिंज आडवी बसवलेली होती. तिच्यात मधासारखं दाट द्रव, आणि खोलीत व्हिनेगरचा आंबट वास. समोर वीतभर अंतरावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळलेला एक रूळ सावकाश फिरत होता. धनश्रीने विजेचं बटण दाबलं. सुईच्या टोकाशी थेंब फुगला, निमुळता झाला आणि नाहीसा झाला.

"कुठं गेला?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"गेला नाही मावशी, ओढला गेला. त्याचा धागा झाला. केसाचे उभे पाचशे भाग करा, त्यातला एक. एकटा दिसत नाही. चार तास थांबलात तर दिसेल."

एस्तेरबाई चार तास थांबल्या. डबा आणलेला होता. तीन वाजेपर्यंत रुळावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा जमला. धनश्रीने तो चिमट्याने सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवला. वजन असं लागलंच नाही.

"जखमेत नवी कातडी यायची तर तिला धरायला काहीतरी लागतं," धनश्री म्हणाली. "शरीर स्वतः असंच बारीक जाळं विणतं. साखरेच्या पेशंटचं ते विणणं रखडतं. म्हणून आपण मांडव घालून द्यायचा. वेल वर चढला की मांडव आपोआप विरतो."

"आणि हे द्रव कशाचं?"

"कायटोसान. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचातून काढतात. मासळीच्या कारखान्यात ढिगाने टाकून देतात ती कवचं. त्यात थोडा दुसरा पदार्थ घालते, धागा तुटू नये म्हणून."

एस्तेरबाईंनी ते लिहून घेतलं. नगरला परतल्यावर कागद तपासायला बसल्या. त्यात होतं, 'सदर पट्टी कवचधारी जलचरांपासून प्राप्त कायटोसान या जैवबहुवारिकाच्या नॅनोतंतूंपासून निर्मित आहे.' असलं वाक्य वाचून कोणाचा जीव घाबरणार नाही? त्यांनी लाल पेनाने ते खोडलं आणि वर लिहिलं, 'ही पट्टी नैसर्गिक पदार्थाच्या अतिशय बारीक धाग्यांची आहे.' समितीतल्या सगळ्यांनी मान डोलावली. वकीलसाहेब तर म्हणाले, आता माझ्या आईलाही कळेल. त्या दिवसाच्या पानावर नोंद आहे : 'कायटोसानचे वाक्य काढले. वाचायला सोपे झाले.' तारीख १९ जानेवारी.

ज्या ख्रिस्ती घरात दर शुक्रवारी मटणाऐवजी सुकट भाजली जाते, त्या घरातल्या बाईला कोळंबीचं टरफल कुठे टोचायला? ते कोणाला टोचू शकेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सूर्यभान ढाकणे पाथर्डीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. दोन एकर बाजरी-तुरीची जमीन, पाण्याचा पत्ता नाही. दसरा झाला की बायको बायडाबाईसह टोळीत जायचं, उसाच्या फडात झोपडी घालायची, कोयता चालवायचा आणि पाडव्याच्या आसपास परतायचं, असे एकतीस हंगाम त्याने काढले. बायडाबाईनेही तेवढेच. एका हंगामात ती धाकट्याच्या वेळी गरोदर होती, तेव्हा नवव्या महिन्यात मात्र सासूपाशी राहिली. "नवव्याच्या आधी फडातच हुते," ती सांगायची. "मोळी डोक्यावर आन् ह्यो पोटात. दोन वझी."

गेल्या मार्चमध्ये फडातला उसाचा खुंट सूर्यभानच्या चपलेतून तळव्यात घुसला. दुखलं असतं तर कळलं असतं. पण रक्तातल्या साखरेने पायाची जाणीव आधीच बोथट केलेली. संध्याकाळी बायडाबाईला चपलेत रक्त दिसलं तेव्हा समजलं. मग हळद झाली, तंबाखूची राख झाली, पाथर्डीचा दवाखाना झाला, आणि जुलैत तो नगरच्या इस्पितळात आला. डॉ. अमृत यांनी पाय पाहून स्पष्ट सांगितलं, "दसऱ्यापर्यंत जखम भरली नाही तर पुढचं अर्धं पाऊल काढावं लागेल."

सूर्यभान त्यावर म्हणाला, "अर्ध्या पावलानं मानूस कुनीकडं जातो, डाक्टर?"

एरवी तो कमी बोलणारा. गळ्यात तुळशीची माळ. वस्तीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. फडावर जातानासुद्धा पखवाज गोधडीत गुंडाळून ट्रॅक्टरवर न्यायचा, आणि दिवसभर ऊस तोडून हात सुजलेले असले तरी एकादशीला वाजवायचाच. सव्वीस वर्षांपूर्वी अजिनाथबुवांनी त्याच्या गळ्यात माळ घातली, तेव्हापासून मांस, मासळी, अंडं, दारू सगळं बंद. टोळीतले काही जण माळ खुंटीला अडकवून मटणाच्या पंगतीला बसत आणि सकाळी पुन्हा घालत. सूर्यभानने ते कधी केलं नाही. कोणी चेष्टा केली तर म्हणायचा, "खुंटीला कशाला तरास? ती बिचारी मुकी हाय."

हे सगळं एस्तेरबाईंना पुढे बायडाबाईकडून कळलं. नव्या पेशंटला कागद नीट वाचून दाखवतात का, हे बघायला त्या दर बुधवारी इस्पितळात जात. आणि बायडाबाई बाकावर बसली की शेजारच्याला अख्खी हकिगत सांगितल्याशिवाय उठत नसे. पहिल्या पट्टीला तिने नुसतं पाहिलं. दुसऱ्या पट्टीच्या दिवशी, चौदा ऑगस्टला, तिने एस्तेरबाईंना गाठलं.

"बाई, कोळ्याच्या जाळ्यावानी दिसतंय. कशाचं म्हनायचं ह्ये?"

"नैसर्गिक पदार्थाचं आहे," एस्तेरबाई म्हणाल्या. कागदात होतं तेच तोंडात आलं.

"म्हंजे झाडपाल्याचं. बरं झालं बाई. आमच्या मालकांच्या गळ्यात माळ हाय न्हवं. मी म्हनलं इचारावं." आणि ती समाधानाने पदर सावरून औषधं घ्यायला गेली.

एस्तेरबाई बाकावर तशाच बसून राहिल्या. सूर्यभानच्या पायात दोन पट्ट्या जिरल्या होत्या. मांडव वेलात विरून गेला होता. आता तो काढता येणार नव्हता.

शुक्रवारी त्या डॉ. अमृत यांच्यापुढे उभ्या राहिल्या. मुलगा हुशार, चाळिशीचा, पेशंटसाठी जिवाचं रान करणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"एस्तेरबाई, जखम भरतेय. सात मिलिमीटर कमी झाली एका आठवड्यात. आता सांगितलं आणि तो उठून गेला तर? अजून सहा पट्ट्या आहेत. त्या होऊ द्या, पाय वाचू द्या. मग मी स्वतः सांगतो, हवं तर पाया पडतो त्याच्या."

"पाय त्याचा आहे, डॉक्टर. माळही त्याचीच आहे."

"आणि उद्या पाऊल कापावं लागलं, तर ते कोणाच्या डायरीत लिहायचं?"

हा वार वर्मी बसला. एस्तेरबाई म्हणाल्या, "माझ्या. चूकही तिथंच लिहिली आहे."

समितीच्या सचिवांनी नियम पाहिला आणि त्यांची बाजू घेतली. कागद बदलायचा, आणि ज्या पेशंटना पट्टी लागली आहे त्या सगळ्यांना खरं सांगायचं. राहुरीच्या एका पेशंटने, मच्छिंद्र नावाच्या, ते ऐकून हात जोडले. "पथ्य लावून तुमी सगळं खानं बंद केलं. कोळंबी खायला न्हाई तर न्हाई, लावायला तर मिळाली." बाकीच्यांनाही काही वाटलं नाही. राहिला सूर्यभान.

बुधवारी, एकवीस तारखेला, तिसऱ्या पट्टीआधी एस्तेरबाई त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या. धनश्री पट्टीचं पाकीट हातात घेऊन उभी होती. एस्तेरबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. पट्टी कशाची आहे, ते कागदातून कोणी काढलं, का काढलं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "हे आधी सांगायला हवं होतं. माझ्यामुळे सांगितलं गेलं नाही. मला माफ करा."

सूर्यभान पायाकडे बघत राहिला. "म्हंजे दोन लागल्या," तो म्हणाला.

"हो."

"त्या निघत्यात का?"

"नाही."

बायडाबाईचा आवाज मात्र दारापर्यंत गेला. "मी इचारलं हुतं तुमाला. तोंडावर इचारलं. शिकल्यासवरल्या बाईनं असं करावं? अडानी मानसानं केलं असतं तर म्हनलं असतं, जाऊ दे, त्याला काय ठावं."

नर्सने साधी मलमपट्टी केली. सूर्यभानने गळ्यातली माळ काढली, टोपीत ठेवली, टोपी घडी करून खिशात घातली आणि बायकोच्या खांद्यावर हात टाकून लंगडत बाहेर पडला.

डॉ. अमृत त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत म्हणाले, "आठ दिवस असेच गेले तर मागे येईल सगळं." ते रागावून बोलले नाहीत. त्यामुळे एस्तेरबाईंना जास्त लागलं.

शनिवारी सकाळी त्यांनी पाथर्डीची एसटी पकडली. सत्याहत्तराव्या वर्षी एकटं जाऊ नये, असं मुलाने फोनवर सांगितलं. त्यांनी हो म्हणून फोन ठेवला आणि छत्री घेतली. पाथर्डीहून जीप. जीपमध्ये मागे अकरा माणसं आणि एक शेळी. ड्रायव्हरने त्यांना पुढे बसवलं, कारण "आज्जी कुनाच्या तरी लग्नाला निगाल्याल्या दिसत्यात". वस्तीच्या फाट्यावर उतरून त्या अर्धा कोस चालल्या. दोन्ही बाजूंना बाजरी कणसाला आलेली, पाखरं हाकायला माळ्यावर बसलेली बाई त्यांना रस्ता सांगत होती.

बायडाबाई अंगणात भांडी घासत होती. तिने पाहिलं, हात धुतले, घोंगडी टाकली आणि चुलीवर चहा ठेवला. राग होता, पण दारी आलेल्या माणसाला उभं ठेवायची रीत त्या घरात नव्हती.

सूर्यभान भिंतीला टेकून बसला होता. पायाला साधी पट्टी, कडेने पिवळी झालेली. त्याच्या डोक्यावर खुंटीला माळ लटकत होती आणि शेजारच्या खुंटीला गवसणीत घातलेला पखवाज.

"मी तुम्हाला समजवायला आले नाही," एस्तेरबाई म्हणाल्या. "तो माझा अधिकारच नाही. पट्टी नको म्हणालात तरी इस्पितळ पायाचे बाकीचे उपचार करणार आहे, त्यात खंड पडणार नाही. एवढं सांगायचं होतं. त्या दिवशी तुम्ही लगेच गेलात, ते राहून गेलं. उपचार सोडू नका."

"एवढ्यासाठी आलात नगरवरनं?"

"हो."

सूर्यभानने चहाची कपबशी त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "बाई, कोळंबीचं मला येवडं वाईट वाटलं न्हाई. फडावर आमी नदीचं पानी पितो, त्यात काय काय आसतं. वाईट ह्याचं वाटलं, का तुमी ठरवलं ह्येला कळनार न्हाई."

"खरं आहे."

"मला जैव का फैव कळलं नसतं. कोळंबी कळली असती."

"तेही खरं आहे," एस्तेरबाई म्हणाल्या. चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं, पण त्यांच्या कामाची इतकी नेमकी तपासणी कोणी केली नव्हती.

बायडाबाई परातीत पीठ मळत ऐकत होती. आतापर्यंत तिने एस्तेरबाईंकडे पाठ केली होती. आता ती नवऱ्याकडे वळली.

"झालं का बोलून? मग आता माझं ऐका. चार दिस झालं, माळ खुंटीला, पखवाज खुंटीला, आन् मानूस भितीला. काल एकादशी न्हवती म्हनून बरं. एवढाच ईटाळ हाय तर त्यो पखवाज बी न्या आन् टाका वढ्यात."

"पखवाजाचं काय मधीच?"

"कातडं कशाचं हाय त्याला? बोकडाचं. मी सोता बगितलंय, पाथर्डीच्या बाजारात मढवून आनला तवा. त्याच्यावर थाप मारून देवाला हाका मारता. देव येतो का न्हाई?"

"ते येगळं."

"आन् चप्पल? ती काय केळीच्या पानाची हाय?"

"चप्पल पायात असतीय, गळ्यात न्हाई."

"मग जखम कुठं हाय?" बायडाबाईने विचारलं. "डोक्यात?"

एस्तेरबाईंनी चटकन कपात पाहिलं. आपण हसलो तर ते एका बाजूला झुकण्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. सूर्यभान बायकोकडे, मग पायाकडे, मग वर खुंटीकडे पाहत राहिला. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"हिला टोळीची मुकादम करायला पायजे हुती," तो एस्तेरबाईंना म्हणाला.

"तुमाला झेपलं नसतं," बायडाबाई म्हणाली आणि तवा चुलीवर ठेवला.

पण सूर्यभान बायकोच्या एका फटक्याने हलणारा नव्हता. "बुवांना इचारतो," तो म्हणाला. "माळ त्यांनी घातली. घालू का नको, त्येच सांगतील. ते न्हाई म्हनले तर न्हाई. मग पाऊल गेलं तरी चालंल. ह्यात कुनी मधी पडू नका."

एस्तेरबाईंनी मान हलवली. बायडाबाईने तव्यावर भाकरी टाकली. घरातल्या तिघांनाही माहीत होतं की अजिनाथबुवा नव्वदीचे, जुन्या वळणाचे, आणि कोणाची भीड धरणारे नाहीत.

ठेच्याबरोबर एक भाकरी खाऊन एस्तेरबाई परत निघाल्या. बायडाबाई फाट्यापर्यंत पोचवायला आली. जीप दिसली तेव्हा बायडाबाई म्हणाली, "त्या दिशी लई बोलले."

"बरोबर बोललात."

"व्हय, बरोबरच बोलले. पर लई बोलले."

रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस गेले. बुधवारी साडेदहाला एस्तेरबाई नेहमीप्रमाणे इस्पितळात गेल्या. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. धनश्री पाकीट घेऊन बसली होती, डॉ. अमृत तीनदा दाराशी येऊन गेले. पावणेबाराला बायडाबाई आत आली. मागे सूर्यभान, काठी टेकत. गळ्यात माळ होती.

"एसटी पंक्चर झाली," बायडाबाई म्हणाली.

सूर्यभान स्टुलावर बसला आणि पाय पुढे केला. मग सावकाश सांगू लागला. तो बुवांकडे गेला तेव्हा बुवा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. विचारलं, खाल्लंस का? म्हणाला, न्हाई. जिभेला चव लागली का? न्हाई. कुनासाठी मुद्दाम मारली का? न्हाई, टाकलेली टरफलं हायती. मग बुवांनी हात पुसले आणि माळ पुन्हा त्याच्या गळ्यात घातली.

"म्हनले, माळ ही मानसानं खोटं वागू नये म्हनून आसती. बाईनं चूक लपवली आसती तर तिचं पाप. तिनं सांगितलं. आता तू पाय सडवून घेतलास तर तुझं. जा, लाव."

एस्तेरबाईंनी त्याचे आभार मानले. कशाबद्दल, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

"पर एक हाय," सूर्यभान म्हणाला. "कागद पुन्हा वाचून दाखवा. नवा."

एस्तेरबाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला. "नवा अजून छापायचा आहे. ते वाक्य तुम्हीच सांगा. कळेल असं."

त्याने विचार केला. मग एकेक शब्द मोजत सांगितलं आणि एस्तेरबाईंनी तसंच उतरवलं : 'ही पट्टी कोळंबीच्या आणि खेकड्याच्या टरफलापासून केली आहे. ती जखमेत जिरते, मग निघत नाही. माळकरी असाल, उपास-नेम असेल, तर आधी विचार करा. नको म्हणालात तरी बाकीचं औषध मिळेल.' वकीलसाहेबांनी पुढच्या बैठकीत ते वाचलं आणि एकही शब्द बदलला नाही. त्या दिवशी सूर्यभानने त्या हस्तलिखित कागदावरच सही केली. चार अक्षरं लिहिताना त्याने जीभ दातांत धरली होती.

जखम तोवर ३.४ वरून पुन्हा ३.९ झाली होती. धनश्रीने तिसरी पट्टी ठेवली. पांढरा पापुद्रा ओल्या जखमेवर टेकताच पारदर्शक झाला आणि दिसेनासा झाला. पुढचे सगळे बुधवार ते दोघं आले. एकदा पावसाने ओढ्याला पाणी होतं म्हणून ट्रॅक्टरवर बसून आले. एका पावसाळी आठवड्यात दमट हवेने धनश्रीचा धागा नीट बसेना, गाठी येऊ लागल्या. तेव्हा तिने दोन दिवस प्रयोगशाळेची खिडकी बंद ठेवून, हवा कोरडी करून पट्टी पुन्हा केली, आणि कोल्हारहून स्वतः घेऊन आली. बाकावर कोणी माळकरी दिसला की सूर्यभान आपणहून त्याच्याशेजारी जाऊन बसायचा. त्यातल्या एकाने नको म्हटलं, दोघांनी हो म्हटलं. नको म्हणणाऱ्याला त्याने आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली.

दसऱ्याला जखम एक सेंटिमीटर उरली होती. डॉ. अमृत यांनी पाऊल कापायचा विषय पुन्हा काढला नाही.

तेवीस ऑक्टोबरच्या बुधवारी त्यांनी भिंग लावून पाहिलं, मोजपट्टी ठेवली आणि उचलली. मोजायला काही नव्हतं. तळव्यावर गुलाबी, तुकतुकीत कातडी आली होती, नाण्याएवढी.

"पट्टीमुळे झालं का, डाक्टर?" सूर्यभानने विचारलं.

"पट्टी आहे, साखर आटोक्यात आली तेही आहे, आणि तुमच्या मालकिणीने दोन महिने पाय जमिनीला टेकू दिला नाही तेही आहे. एका पायावरून सांगता येत नाही. चाळीस पाय झाले की धनश्री सांगेल."

"मग चाळीस व्हऊ द्या," सूर्यभान म्हणाला.

डॉ. अमृत यांनी यंदा उसाच्या फडात जायचं नाही, असं बजावलं. एकतीस हंगामांत पहिल्यांदा टोळी त्याच्याशिवाय जाणार होती. बायडाबाई म्हणाली, "मी बी न्हाई जात. एक वरीस दोघं घरी बसून बगू, कसं लागतंय."

जाताना डॉ. अमृत दाराशी एस्तेरबाईंजवळ थांबले. "तेव्हा मी तुमच्यावर चिडलो होतो," ते म्हणाले.

"चिडायलाच हवं होतं. तुम्हाला त्याच्या पायाची काळजी होती."

"आणि तुम्हाला?"

"मलाही पायाचीच होती, डॉक्टर. फक्त मला वाटलं, त्याच्या पायाबद्दल त्यालाच विचारावं."

बाहेर फाटकाशी बायडाबाई त्यांची वाट पाहत होती. तिच्या हातात कापडाची गाठ मारलेली थैली. "नवी बाजरी हाय," ती म्हणाली. "यंदाची. जात्यावर न्हाई, गिरनीत दळलीय, पर भाकरी चांगली हुती. पानी गरम घ्या मळाया."

एस्तेरबाई नको म्हणाल्या नाहीत. इस्पितळातून काही भेट घेऊ नये असा त्यांचा नियम होता, पण पेशंट आता पेशंट राहिला नव्हता. त्यांनी थैली दोन्ही हातांनी घेतली आणि रिक्षात मांडीवर ठेवून घरी आणली. वाटेत त्यांना जाणवलं की आजवर त्यांनी कागदावरचे पुष्कळ शब्द सोपे केले, पण शब्द कोणासाठी सोपा करायचा हे त्यांना पाथर्डीच्या एका माणसाने शिकवलं. त्याबद्दल त्या मनापासून ऋणी होत्या.

संध्याकाळी त्यांनी डायरी उघडली. वर पेशंट क्र. ७ ची जखम लिहिली : 'बंद. ० सें.मी.' खाली लिहिलं :

'बाजरीचे पीठ सुमारे दोन किलो, सौ. ढाकणे यांच्याकडून. डब्यात मावले नाही. उरलेले स्टीलच्या पातेल्यात ठेवून वर ताटली घातली.'